बाळाला घेऊन सिंगापूर: आधी पासपोर्ट, मग बॅग

तान्ह्या बाळासह पहिल्या परदेशवारीसाठी माझं मत ठामपणे सिंगापूरला. मुंबईहून थेट विमानाने साडेपाच तासांच्या आसपास, घड्याळ फक्त अडीच तास पुढे, त्यामुळे झोपेचं गणित फार बिघडत नाही. नळाचं पाणी पिण्याजोगं आहे. दुधाच्या पावडरीसाठी मात्र ते उकळूनच घ्या.

बाळ कितीही लहान असो, पासपोर्ट त्याचा स्वतःचाच लागतो. अर्जासोबत आईवडील दोघांच्या सहीचं ‘अ‍ॅनेक्शर डी’ द्यायचं. खरी कसोटी फोटोची! पांढऱ्या चादरीवर उताणं झोपवून वरून काढा, आजीचा हात फ्रेममध्ये येऊ देऊ नका. व्हिसाही वेगळा. शिवाय पोहोचण्याआधीच्या तीन दिवसांत एसजी अरायव्हल कार्ड भरायचं, बाळाचंसुद्धा. ते फुकट असतं, पैसे मागणाऱ्या वेबसाइटच्या नादी लागू नका.

दोन वर्षांखालचं मूल मांडीवर बसवून नेता येतं, तिकीटही बरंच स्वस्त पडतं. बॅसिनेट मात्र विमान कंपनीला आधीच सांगून ठेवा. जागा मोजक्या असतात आणि वजनमर्यादा कंपनीगणिक बदलते. विमान उतरू लागलं की अंगावर पाजा किंवा बाटली द्या. गिळण्याने कानातला दाब सुटतो. बाळाचं दूध आणि पेज १०० मिलिच्या नियमातून वगळलेली असतात, तपासणीला फक्त बाहेर काढून दाखवायची.

डासांसाठी स्ट्रोलरवरची जाळी न्याच, तिथेही डेंग्यू आहे. गोवराच्या लसीबद्दल मात्र बालरोगतज्ज्ञांना तिकीट काढण्याआधीच विचारा.