रिकामा नसलेला माळ

माळरान म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे येते ती कुसळी गवताची, दगडगोट्यांची उजाड जमीन. सरकारी दप्तरात तिची नोंद बहुधा 'पडीक' अशीच असते. पण याच पडीक जमिनीवर टिटवी आपला संसार मांडते. झाडावर नाही की झुडपात नाही. उघड्या जमिनीवर उथळसा खळगा करून ती साधारण चार अंडी घालते. अंड्यांचा रंग मातीसारखा, वर काळपट डाग. दोन हातांवरून गेलात तरी दिसायची नाहीत. धाविक, चंडोल, रातवा, पखुर्डी यांचीही अंडी जमिनीवरच. न दिसणे हाच त्यांचा बचाव.

हा बचाव कावळ्याच्या, कोल्ह्याच्या नजरेपासून पुष्कळदा पुरतो. ट्रकच्या चाकापासून पुरत नाही. म्हणूनच खनिजांच्या शोधासाठी होणारे ड्रिलिंग आणि हे पक्षी यांचा विचार एकत्र करायला हवा.

जमिनीखाली खनिज किती खोल आहे, किती आहे, हे कळायला भोके पाडावी लागतात. हिरे बसवलेल्या पात्याने खडक कापत जायचे आणि खडकाचा लांब दंडगोल वर काढून तपासायचा, अशी ही पद्धत. २०२३ साली खाणी व खनिजांच्या कायद्यात दुरुस्ती होऊन लिथियम, तांबे, सोने अशा २९ खनिजांसाठी शोधाचा वेगळा परवाना आला. तेव्हा हे काम यापुढे वाढणार, हे उघड आहे. आपल्याला ही खनिजे हवीही आहेत.

आता कोणी म्हणेल, वीतभर रुंदीच्या भोकाने पक्ष्याचे असे काय बिघडणार? भोकाने फारसे बिघडत नाही. बिघडते ते भोवतीच्या कामाने. यंत्र नेण्यासाठी गवतातून नवी वाट पडते. यंत्र उभे करायला जमीन सपाट केली जाते. पाणी आणि गाळ साठवायला खड्डा खणतात. त्याच्या काठाला उतार नसला तर आत पडलेले पिल्लू वर येऊ शकत नाही. पाण्याचे टँकर येत-जात राहतात. रात्रपाळी असली की दिवे आणि घरघर.

यात सर्वांत घातक गोष्ट डोळ्यांना दिसतच नाही. माणसे जवळ वावरू लागली की टिटवी अंड्यांवरून उठते आणि ओरडत घिरट्या घालते. उन्हाळ्यातल्या दुपारी अंड्यांवर सावली धरणे हे तिचे मोठे काम. पोटाची पिसे पाण्यात भिजवून ती अंडी गार ठेवते. ती तासभर दूर राहिली, तर अंड्यावर कोणाचा पायही न पडता आतला जीव उन्हाने मरतो.

आपला १९७२चा वन्यजीव संरक्षण कायदा याबाबत स्पष्ट आहे. शिकारीच्या व्याख्येत संरक्षित पक्ष्यांच्या अंड्यांना इजा करणे तर येतेच. अंडी किंवा घरटे विचलित करणेही येते. पण जे दिसतच नाही ते जपायचे कसे? याचे उत्तर पंचांगात आहे. पक्षी कुठे बसला आहे हे कळत नसेल, तरी तो कधी बसतो हे आपल्याला ठाऊक असते.

अमेरिकेतल्या वायोमिंग राज्यात सेज ग्राऊस नावाचा कोंबडीवर्गातला पक्षी आहे. वसंत ऋतूत त्याचे नर दरवर्षी ठरलेल्या मैदानावर जमून नाचतात. माद्या त्याच परिसरात झुडपांखाली जमिनीवर अंडी घालतात. तेथील गव्हर्नरांच्या २०११च्या आदेशात या पक्ष्याच्या मुख्य क्षेत्रांसाठी साधा हिशेब घातलेला होता : नाचाच्या जागेपासून ०.६ मैल, म्हणजे सुमारे एक किलोमीटर अंतर सोडायचे. आणि जिथे वीण होते तिथे नवे काम १ जुलै ते १४ मार्च याच काळात करायचे. शोध थांबवलेला नाही; त्याची वेळ ठरवली आहे.

आपल्याकडे टिटवीची वीण साधारण मार्चपासून पावसाळ्यापर्यंत चालते. तणमोर पावसाळ्यात अंडी घालतो. म्हणजे ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा काळ त्यातल्या त्यात मोकळा. एका प्रकल्पात भोके अनेक असतात. माळावरची भोके हिवाळ्यात आणि इतर जागची उन्हाळ्यात, असा क्रम लावणे अवघड नाही. वीण चालू असताना काम टळणारच नसेल, तर आधी जाणत्या माणसाने जागा पायी पाहावी. घरटे सापडले तर नकाशावर नोंदवून ते भोक मागे ठेवावे. टिटवीची अंडी उबायला चारएक आठवडे लागतात आणि पिल्ले लगेच चालू लागतात. घरट्याशेजारी झेंडा मात्र रोवू नये. त्याने कुत्र्यांचे, कावळ्यांचेच लक्ष जाते. जुन्याच वाटा वापराव्यात, खड्ड्याला एका बाजूने उतार द्यावा आणि काम संपताच भोक बुजवून वरची माती परत पसरावी.

टिटवीची अंडी गेली तर ती पुन्हा घालते, तिची संख्याही बरी आहे. माळढोकाचे तसे नाही. मादी बहुधा एकच अंडे घालते. सोलापूरजवळ नान्नजला १९७९ साली ज्याच्यासाठी अभयारण्य झाले, तो माळढोक आज महाराष्ट्रातून जवळजवळ नाहीसा झाला आहे. तो एकाच कारणाने गेला असे नाही. पण माळ म्हणजे मोकळी जागा, तिथे काहीही करावे, ही समजूत त्या कारणांच्या मुळाशी होती. खनिज जमिनीखाली लाखो वर्षे पडून आहे. त्याला आणखी चार महिने थांबता येते; अंड्याला चार तासही नाही.