दाताचा काचेसारखा साचा आणि हिरड्यांची धास्ती

पुण्याला नोकरी करणारी लेक दिवाळीला रिसोडला येते. जेवायला बसताना तोंडातून काचेसारखा एक साचा काढून डबीत ठेवते. आजी दचकून विचारते, "काय गं बाई, एवढ्या वयात कवळी?" शेजारीण तेवढ्यात भर घालते, "त्याने हिरड्या सुटतात म्हणे, गालाची हाडं बसतात." पोरगी रडकुंडीला येते. सोयाबीनच्या पैशातून हप्ते भरणाऱ्या बापाच्याही पोटात गोळा येतो. वाचकहो, या भीतीत खरे किती आणि खोटे किती, ते पाहू.

या साच्याला अलायनर म्हणतात. अमेरिकेत १९९७ साली निघालेल्या एका कंपनीने तो बाजारात आणला. वेडेवाकडे दात तारांऐवजी साच्यांनी सरकवायचे, एवढेच त्याचे काम. एकेक साचा दाताला जेमतेम पाव मिलीमीटर हलवतो आणि एक-दोन आठवड्यांनी बदलावा लागतो. दिवसातले वीस ते बावीस तास तो तोंडात हवा.

दात हाडात खुंटीसारखा ठोकलेला नसतो. मुळाभोवती बारीक तंतूंची गादी असते. दाब पडतो त्या बाजूचे हाड शरीर विरघळवते आणि मागे नवे हाड भरते. बांध एकीकडून कोरून दुसरीकडे माती टाकावी तसे हे चालते, फक्त शेजाऱ्याशी भांडण न होता! हा फरक दातांच्या खोबणीपुरता असतो. मोठ्या माणसाच्या गालाची किंवा जबड्याची हाडे साच्याने बसत नाहीत. पुढचे दात मागे घेतले तर ओठांची ठेवण थोडी बदलते, तेवढेच.

हिरड्यांची भीती मात्र सगळीच खोटी नव्हे. खालच्या पुढच्या दातांसमोरचे हाड फार पातळ असते. दात बाहेर जास्त ढकलले तर हिरडी खाली सरकते, मूळ उघडे पडते, आणि सरकलेली हिरडी आपोआप परत येत नाही. ज्याच्या हिरड्यांतून आधीच रक्त किंवा पू येतो, दात हलतात, त्याने पहिल्यांदा हिरड्यांचा इलाज करावा. रोग अंगात असताना दात सरकवले तर उरलेले हाडही झपाट्याने झिजते. खर्रा खाणाऱ्यांनी तर हे कानात कोरून ठेवावे. बिडी ओढणाऱ्याच्या हिरड्यांतून रक्त कमी येते, म्हणून रोग झाकलेला राहतो.

टपालाने साचे मागवण्याच्या नादी लागू नका. अमेरिकेतली स्माईलडायरेक्टक्लब ही कंपनी २०१४ पासून असे साचे घरपोच पाठवीत होती. डिसेंबर २०२३ मध्ये ती बंद पडली आणि गिऱ्हाइकांचे इलाज अर्ध्यावर लटकले. तुम्ही एक्स-रे काढून, हिरड्या मोजून पाहणारा दंतवैद्य गाठा. दात सरळ करण्याच्या शास्त्रात त्याने एम.डी.एस. केले आहे का, हे विचारायला लाजू नका. नागपूरला आणि छत्रपती संभाजीनगरला शासकीय दंत महाविद्यालये आहेत. खाजगीत भरमसाट आकडा सांगितला तर तिथे एकदा दाखवून या.

साचा तोंडात असताना पाण्याशिवाय काही घेऊ नये. गोड चहा आत अडकला की दात किडतात. इलाज संपल्यावरही रात्री राखणीचा साचा लावावा लागतो, नाहीतर दात पुन्हा जुन्या जागी जातात. आणि आजीला एवढे सांगून ठेवा, साचा कपबशांबरोबर उकळत्या पाण्यात टाकू नये. त्याचा आकार बिघडतो.