राउटर, घरगुती : स्थितिनिरीक्षण

घरातील संगणक, भ्रमणध्वनी, दूरचित्रवाणी संच इ. उपकरणे इंटरनेटशी जोडणाऱ्या राउटरची जोडणी व त्याच्या अंतर्गत साधनांचा वापर ठराविक कालांतराने मोजून नोंदविणे, यास राउटरचे स्थितिनिरीक्षण म्हणतात. राउटर हा मूलतः एक लहान संगणकच असून त्यात प्रक्रियक, स्मृती व प्रचालन प्रणाली असतात. त्यामुळे ‘इंटरनेट मंद आहे’ या एकाच लक्षणामागे बाहेरील तार, घरातील वाय-फाय किंवा खुद्द राउटर यांपैकी कोणतेही कारण असू शकते. ही कारणे एकमेकांपासून वेगळी करणे हा निरीक्षणाचा मुख्य हेतू होय.

इतिहास : दूरच्या संगणकाकडून उत्तर येते की नाही व त्यास किती वेळ लागतो, हे पाहणारी ‘पिंग’ ही आज्ञावली माइक म्यूस यांनी १९८३ मध्ये लिहिली. जाळ्यातील उपकरणांची मापे दुरून वाचण्यासाठी एसएनएमपी हा संकेत १९८८ मध्ये प्रसिद्ध झाला. या मापांचे आलेख काढणारी एमआरटीजी ही आज्ञावली टोबियास ओटिकर यांनी १९९५ मध्ये तयार केली. त्याच वर्षी १५ ऑगस्ट रोजी विदेश संचार निगमाने भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सेवा सुरू केली. लिंकसिस कंपनीच्या एका घरगुती राउटरमधील लिनक्सवर आधारित आज्ञावली २००३ मध्ये खुली झाली व तीतून २००४ मध्ये ओपनडब्ल्यूआरटी ही प्रणाली उदयास आली. त्यामुळे पूर्वी मोठ्या संस्थांपुरती असलेली निरीक्षणाची साधने घरगुती राउटरवरही वापरता येऊ लागली.

जोडणीची मापे : पॅकेट जाऊन उत्तर परत येण्यास लागणारा काळ मिलिसेकंदांत मोजतात. काचतंतूतून प्रकाश सेकंदाला सु. २ लक्ष किमी. जातो. परभणी जिल्ह्यातील गंगाखेड ते मुंबई हे सरळ अंतर सु. ४०० किमी. असल्याने जाण्यायेण्यास किमान ४ मिलिसेकंद लागणारच. प्रत्यक्ष मार्ग लांबचा असल्याने व वाटेतील उपकरणांमुळे हा काळ वाढतो. गंगाखेडच्या घरातून मुंबईतील संगणकाकडे पाठविलेल्या पॅकेटास एरवी २० मिलिसेकंद लागत असतील आणि कोणी मोठी चित्रफीत पाठवू लागताच तो काळ ५०० वर जात असेल, तर तार तुटलेली नसून राउटरमध्ये पॅकेटांची लांब रांग साचली आहे, असे अनुमान निघते. याउलट घरातून राउटरपर्यंतच उत्तरास विलंब होत असेल, तर दोष बहुधा वाय-फायचा असतो.

काचतंतू जोडणीत घरी पोहोचणाऱ्या प्रकाशाची शक्ती डीबीएम या एककात दाखविली जाते. प्रचलित जीपॉन पद्धतीत ती सामान्यतः −८ ते −२७ यांदरम्यान असावी लागते. तीन एककांची घट म्हणजे शक्ती निम्मी होणे. म्हणून हा आकडा महिनाभरात −२० वरून −२६ वर गेल्यास तंतू वाकल्याचा किंवा सांधा खराब झाल्याचा संशय घ्यावा, जरी जोडणी अद्याप चालू असली तरी.

साधनांचा वापर : प्रक्रियकावरील भार गेल्या १, ५ व १५ मिनिटांच्या सरासरीने दर्शवितात. एका गाभ्याच्या प्रक्रियकावर ही संख्या दीर्घकाळ १ च्या वर राहिल्यास कामे खोळंबत आहेत, असे समजावे. रिकामी स्मृती कमी दिसणे मात्र दरवेळी दोषाचे लक्षण नसते, कारण लिनक्स प्रणाली रिकामी स्मृती तात्पुरत्या साठवणीस वापरते. पुष्कळशा घरगुती राउटरांसाठी सभोवतालच्या हवेची मर्यादा ४०° से. दिलेली असते. मराठवाड्यात उन्हाळ्यात ती सहज ओलांडली जाते. म्हणून पत्र्याच्या छताखाली किंवा बंद कपाटात ठेवलेला राउटर दुपारी अडखळून रात्री सुरळीत चालल्यास तापमानाची नोंद प्रथम पाहावी.

राउटर किती वेळ अखंड चालू आहे, ही नोंदही उपयुक्त असते. जोडणी गेली पण हा काळ वाढतच राहिला, तर दोष बाहेरचा; तो शून्यापासून पुन्हा मोजला जाऊ लागला, तर वीज गेली किंवा राउटर स्वतः बंद पडून सुरू झाला.

मोजणीतील दक्षता : ३२ अंकस्थानांचा द्विमान गणक सु. ४·२९ अब्ज बाइटांनंतर शून्यावर येतो. सेकंदाला १० कोटी बिट या पूर्ण वेगाने हे पावणेसहा मिनिटांतच घडते. दहा मिनिटांनी एकदाच वाचन घेतल्यास वापर प्रत्यक्षाहून कमी दिसेल. म्हणून ६४ अंकस्थानांचा गणक वापरावा.

सुरक्षितता : २०१६ मध्ये मिराई या घातक आज्ञावलीच्या एका प्रकाराच्या हल्ल्यात जर्मनीतील सु. ९ लक्ष ग्राहकांचे राउटर विस्कळीत झाले. घरात सर्व झोपलेले असताना बाहेर जाणारी माहिती अकारण वाढलेली दिसणे, ही अशा संसर्गाची सूचना असू शकते. निरीक्षणाची सोय मात्र बाहेरून खुली ठेवू नये आणि मूळ संकेतशब्द बदलावा. घरातील व्यक्ती काय पाहतात याची नोंद या कामास आवश्यक नसते. मापांची बेरीज पुरेशी होते.

एकाच जोडणीवर मुलांचा अभ्यास, बँकेचे व्यवहार व वैद्यकीय सल्ला अवलंबून असलेल्या घरात अशा नोंदींस व्यावहारिक मोल आहे. तारीख, वेळ व आकडे यांसह केलेली तक्रार सेवा पुरविणाऱ्यास तपासता येते. केवळ ‘मंद चालते’ एवढ्या तक्रारीवरून दोषाचे स्थान ठरविता येत नाही.