कोळशावरील कर आणि घरातील वीज

कोळसा जाळल्याने हवेत मिसळणाऱ्या कार्बनची किंमत तो जाळणाऱ्याकडून वसूल करावी, हे कार्बन कराचे मूळ तत्त्व होय. भारतात या नावाचा कर नाही. तथापि २०१० साली कोळशावर दर टनास ५० रुपये स्वच्छ ऊर्जा उपकर बसविण्यात आला आणि २०१६ पर्यंत तो ४०० रुपयांवर नेण्यात आला. २०१७ साली त्याची जागा वस्तू व सेवा कराच्या भरपाई उपकराने घेतली. त्यामुळे स्वच्छ ऊर्जेसाठी म्हणून सुरू झालेली ही आकारणी राज्यांची महसुली तूट भरून काढण्याकडे वळली. सप्टेंबर २०२५ मध्ये हा उपकर रद्द होऊन कोळशावरील वस्तू व सेवा कर ५ वरून १८ टक्के झाला. म्हणजे वजनावरील आकारणी किमतीवर आली.

असा कर ग्राहकाच्या घरापर्यंत कितपत पोहोचतो, हे पूर्व दिल्लीतील मयूर विहारच्या उदाहरणावरून समजते. औष्णिक केंद्रात एक युनिट विजेसाठी सुमारे ६०० ते ७०० ग्रॅम कोळसा लागतो. त्या हिशेबाने ४०० रुपयांच्या उपकराचा भार युनिटमागे सुमारे पाव रुपया पडत असे. तो वीजदरातच मिसळलेला असल्याने ग्राहकास वेगळा दिसत नसे. शिवाय ऑगस्ट २०१९ पासून दिल्लीत महिन्याला २०० युनिटांपर्यंत वापर असलेल्या घरास बिल भरावे लागत नाही. अल्प उत्पन्नाच्या कुटुंबास हा मोठाच आधार आहे. मात्र त्या मर्यादेत कराचा इशारा निष्प्रभ होतो.

दुसरी अडचण घराच्या मालकीची. मयूर विहारमधील गृहनिर्माण संस्थांच्या इमारतींत भाडेकरूही राहतात. वातानुकूलक घरमालकाने घेतलेला असेल, तर तो स्वस्तातला निवडण्याकडे त्याचा कल असतो, कारण बिल भाडेकरू भरतो. आणि अकरा महिन्यांच्या करारावर राहणारा भाडेकरू महाग यंत्रावर खर्च करीत नाही.

म्हणून कराला अन्य उपायांची जोड लागते. २००६ साली विद्युत उपकरणांवर तारांकन सुरू झाले व २०१० पासून खोलीच्या वातानुकूलकांना ते सक्तीचे झाले. २०१५ च्या उजाला योजनेने घाऊक खरेदी करून एलईडी दिवे स्वस्त केले. मयूर विहारला वीज पुरविणाऱ्या बीएसईएस यमुना कंपनीनेही जुन्या वातानुकूलकाच्या बदल्यात नवा, कमी वीज खाणारा घेणाऱ्यास सवलत देण्याच्या योजना राबविल्या आहेत.

कर वापराची खरी किंमत सांगतो. सवलत खरेदीच्या क्षणीची अडचण दूर करते. कराचे उत्पन्न अशा सवलतींकडे वळले, तरच कर भरणाऱ्या कुटुंबाला त्याचा लाभ आपल्या घरात दिसेल.