'बोलेल हळूहळू' म्हणत किती थांबायचं?

"त्याचे बाबाही उशिराच बोलायला लागले होते." दोन वर्षांचं मूल दोन शब्द जोडत नसलं की घरातली मोठी माणसं असा धीर देतात. काही मुलांच्या बाबतीत ते खरंही ठरतं. पण कोणाच्या, हे मायेच्या नजरेला कळत नाही. त्यासाठी प्रमाणित चाचणी हवी: प्रत्येक मुलाला तेच साहित्य, त्याच सूचना आणि तुलना त्याच्याच वयाच्या मुलांशी.

ही मुलं कुठली, हे फार महत्त्वाचं. डॉ. प्रमिला फाटक यांनी नॅन्सी बेली यांच्या अमेरिकी चाचणीचा आधार घेतला, पण प्रमाणकं बडोद्यातल्या बाळांवरून ठरवली. त्यातूनच 'डासी' ही मोजपट्टी आली. अडीच वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी तिच्यात हालचालींच्या 67 आणि बौद्धिक विकासाच्या 163 बाबी आहेत. वीस महिन्यांच्या मुलाचं विकासवय चौदा महिने निघालं, तर विकासांक, म्हणजे विकासवयाचं खऱ्या वयाशी टक्क्यांतलं प्रमाण, 70. विकासांक त्याच्या आसपास किंवा खाली असला की विलंब गंभीरपणे घ्यावा लागतो. अपुऱ्या दिवसांच्या बाळाचं वय मात्र प्रसूतीच्या अपेक्षित तारखेपासून धरायचं, नाहीतर त्याच्यावर अन्याय होतो.

भाषेचंही तसंच. चंदीगडच्या सेक्टर 39 मध्ये वाढणारं मराठी मूल घरी 'पाणी', शेजारी 'पानी' ऐकतं. त्याचे सगळ्या भाषांतले शब्द मिळून मोजायला हवेत.

डासीला प्रशिक्षित माणूस आणि वेळ लागतो, म्हणून आधी चाळणी लावतात. तिरुवनंतपुरमच्या बालविकास केंद्राने बडोद्याच्याच प्रमाणकांतून 17 बाबी निवडून काही मिनिटांत होणारा तक्ता बनवला. मूळ अभ्यासात त्याला विलंब असलेल्या साधारण दोन तृतीयांश मुलांचाच माग लागला. म्हणून तक्त्यात मूल 'पास' झालं, तरी आईची काळजी उडवून लावू नये. 'नापास' म्हणजेही निदान नव्हे; पुढे सविस्तर चाचणी हवी आणि बोलण्याचा प्रश्न असेल तर आधी कान तपासायला हवेत.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम 2013 मध्ये आपल्या पालघरमधूनच सुरू झाला. त्यात अंगणवाडीतल्या मुलांची वर्षातून दोनदा तपासणी अपेक्षित आहे. शंका आलेल्या मुलाला जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात पाठवतात. तिथली सेवा मोफत असते. पण पुढच्या तपासणीची वाट पाहू नका. शंका आली असेल, तर मुलाला याच आठवड्यात दाखवा.