हळदीच्या कुकरचा पावसाळा

मार्चमध्ये औंढा नागनाथ तालुक्यातल्या रस्त्यांनी संध्याकाळी जाताना उकडलेल्या हळदीचा वास येतो, मातकट आणि नाकात बसून राहणारा. शेताच्या कडेला दोन किंवा चार ड्रमांचा कुकर उभा असतो. खाली लाकडांचा जाळ, वर वाफेचे लोट, भोवती माणसांची धावपळ. मे उजाडेपर्यंत हा गलका थांबतो आणि तोच कुकर कुणाच्या तरी गोठ्यामागे नाहीतर बाभळीखाली जाऊन उभा राहतो. पुढची हळद निघेपर्यंत त्याच्याकडे फारसे कुणी बघत नाही. मला या न बघण्याच्या महिन्यांविषयी लिहायचे आहे. जाळावर झिजतो त्याहून हा कुकर उभ्या उभ्या जास्त खराब होतो.

हिंगोली हा हळदीचा जिल्हा. शेजारच्या वसमतच्या हळदीला 2024 मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले. पूर्वी हळद उघड्या काहिलीत शिजायची. पाणी, सरपण आणि वेळ तिन्ही भरमसाट लागायचे. वाफेच्या कुकरने ते काम आटोपशीर केले. जाळावर पाण्याची बंद टाकी असते, तिच्यातली वाफ नळ्यांतून ड्रमांत जाते आणि गड्डे, हळकुंडे सारखी शिजतात. सगळे चाकांवर असल्याने ट्रॅक्टरला जोडून या शेतातून त्या शेतात नेता येते.

या यंत्राचा जीव मात्र त्याच्या डोक्यावर असतो. धुराडे, सेफ्टी वॉल, दाब दाखवणारा काट्याचा गेज, वाफेचे कॉक, ड्रमांच्या झाकणांचे बोल्ट आणि रबरी रिंगा, सगळे वरच. झाकायला जावे तर ताडपत्री नेमकी यांच्यावरच टेकते. वाऱ्यात ती फडफडते, त्याच त्या टोकावर घासत राहते आणि आषाढ सरेपर्यंत तिथे भोक पडते. दोन उंचवट्यांच्या मध्ये झोळ पडून पाणी साचते, त्या वजनाने गेजची बारीक नळी वाकते, आणि भोकातून गळणारे पाणी थेट वॉलच्या स्प्रिंगवर जाते. ज्याने वाचवायचे तेच आच्छादन घात करते.

म्हणून ताडपत्री यंत्रावर टाकूच नये, यंत्राच्या वर टाकावी. दोन्ही टोकांना बल्ल्या रोवून मध्ये धुराड्याहून उंच बांबूचे आढे बांधले की दोन्हीकडे उतार मिळतो आणि पाणी थांबत नाही. धुराडे सुटे होत असेल तर उतरवून आडवे ठेवावे. नसेल तर तोंडावर पत्र्याचा डबा उपडा घालावा. उरलेल्या टोकांना बारदाना गुंडाळून जुन्या ट्यूबच्या पट्टीने बांधावे, पण उघड्या लोखंडाला बारदाना लावण्याआधी ग्रीसचा हात द्यावा. ओले पोते लोखंडाला चिकटले की गंज तिथूनच सुरू होतो.

ताडपत्री जमिनीपर्यंत ओढून चारही बाजूंनी घट्ट आवळायची सवय आपल्याला सोयाबीनची सुडी झाकताना लागलेली असते. यंत्राला ती मानवत नाही. जमिनीतली ओल आत कोंडते, रात्री ताडपत्री गार पडली की तिच्या आतल्या अंगाला थेंब धरतात आणि पाऊस नसतानाही कुकर भिजतो. थंड देशांत घरगाड्या हिवाळाभर झाकून उभ्या ठेवतात. तिथेही हीच अडचण येते. त्यासाठी हवा खेळू देणाऱ्या कापडाची आवरणे मिळतात. आपल्या ताडपत्रीतून हवा जात नाही, तेव्हा तिची कड जमिनीपासून हातभर वर ठेवणे एवढेच आपल्या हाती आहे.

आच्छादनाआधीची दोन कामे लोक हमखास टाळतात. टाकीतले पाणी पूर्ण काढणे हे एक आणि चुलाण्यातली राख खरवडून काढणे हे दुसरे. राख ओल धरते, भिजली की खारी होते आणि तळाचा पत्रा खात बसते.

सर्वांत जास्त काळजी मला कुंभारीण माशीची वाटते. उघडी नळी दिसली की ती आत चिखलाचे घर बांधते, आणि वाळलेला चिखल बाहेरून दिसतही नाही. सेफ्टी वॉलचे तोंड असे बुजले किंवा त्याची स्प्रिंग गंजून अडकली, तर पुढच्या हंगामात वाढलेल्या दाबाला वाट उरत नाही आणि कुकर फुटू शकतो. जाळ घालणारा माणूस तर त्याच्या दोन हातांवर उभा असतो. म्हणून गेज आणि सेफ्टी वॉल उतरवून, कापडात गुंडाळून घरात फडताळात ठेवावेत. उघड्या नळ्यांना चिंधीचे बोळे लावावेत, आणि बोळ्याचे लाल टोक बाहेर लोंबते ठेवावे, म्हणजे काढायचे विसरणार नाही.

याच तालुक्यात दुधाळ्याला लायगो-इंडियाची वेधशाळा होते आहे. केंद्राने एप्रिल 2023 मध्ये तिच्यासाठी 2,600 कोटी रुपये मंजूर केले. गुरुत्वीय लहरी टिपणाऱ्या तिच्या दोन भुजा प्रत्येकी 4 किलोमीटरच्या. अमेरिकेतल्या अशाच वेधशाळांत सव्वा मीटरभर व्यासाची पोलादी नळी काँक्रीटच्या कमानीखाली ठेवली आहे. कमान नळीला टेकत नाही. तिच्यावरून उभी राहते. इतक्या मोठ्या यंत्रालाही आढेच लागते, याचा मला मनापासून आनंद वाटतो.

जानेवारीत ताडपत्री निघते. बोळे मोजून काढायचे, गेज आणि वॉल बसवायचे आणि पहिला जाळ हळदीशिवाय, नुसत्या पाण्यावर घालायचा. ड्रम रिकामे, कॉक उघडे. प्रत्येक नळीतून वाफ मोकळी येते का ते बघायचे. मग कॉक बंद करून, गेजवर थोडा दाब दिसला की, काठीने, लांब उभे राहून, सेफ्टी वॉलचा दांडा उचलायचा. तो फुस्स करून परत जागेवर बसला की गड्डे भरायला घ्यायचे.