पाणी काचेच्या कोणत्या बाजूला आहे?



आजचा विषय जाहीर झाल्यावर दोघातिघांनी फोन करून विचारलं, "सर, तत्त्वज्ञान सोडून गॅरेज काढलंत की काय?" विषय आहे, पावसात हेल्मेटची काच स्वच्छ कशी ठेवायची. गॅरेज काढलेलं नाही. आयुष्यभर आम्ही वर्गात 'प्रत्यक्ष' हे प्रमाण शिकवलं, आणि त्यातली बरीच वर्षं मोटरसायकलवरून कॉलेजात गेलो. या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध आहे, हे आम्हाला एका संध्याकाळी कळलं. तिथूनच सुरुवात करू.

पंचवीसेक वर्षं झाली असतील. जुलै महिना. चिपळूणला एक व्याख्यान आटोपून आम्ही कऱ्हाडकडे निघालो होतो. कुंभार्ली घाट चढताना पाऊस होताच, वर गेल्यावर धुकंही आलं. अंधारायला लागलं होतं. हातमोज्याने आम्ही काच बाहेरून पुसत होतो आणि पुसून काही फरक पडत नव्हता. एका वळणानंतर समोर काहीतरी काळपट हललं. ब्रेक दाबला. गाडी थांबली तेव्हा पुढच्या चाकापासून हातभर अंतरावर एक म्हातारे गृहस्थ उभे होते. डोक्यावर घोंगड्याची खोळ, पुढे एक म्हैस. ते काही बोलले नाहीत. आमच्याकडे एकदा पाहिलं आणि म्हशीला हाकत निघून गेले.

घरी आल्यावर आम्ही पत्नीला सांगितलं, "रस्त्यावर कोणी नव्हतं गं, अचानक एक माणूस समोर आला." ती म्हणाली, "अचानक कसा येईल? तो तिथेच असणार."

आता बघा. 'रस्त्यावर कोणी नव्हतं' आणि 'मला कोणी दिसलं नाही' ही दोन वेगळी वाक्यं आहेत. वर्गात हा फरक आम्ही शेकडो मुलांना समजावून दिला होता. घाटात मात्र आम्ही दुसऱ्या वाक्याच्या जागी पहिलं वाक्य धरून गाडी चालवत होतो. त्या गृहस्थांचं नशीब बरं, आमचंही बरं.

आपल्याकडे या प्रश्नाचा विचार फार जुना आहे. ईश्वरकृष्णाच्या सांख्यकारिकेत सातवी कारिका आहे. वस्तू असूनही ती दिसत नाही, याची आठ कारणं तिथे मोजली आहेत. वस्तू फार दूर असणं, फार जवळ असणं, इंद्रियात दोष असणं, मन ठिकाणावर नसणं, वस्तू फार सूक्ष्म असणं, मध्ये आडोसा असणं, म्हणजे व्यवधान, दुसऱ्या प्रखर गोष्टीने ती झाकोळली जाणं, म्हणजे अभिभव, आणि सारख्याच वस्तूंत मिसळून जाणं, म्हणजे समानाभिहार. सांख्यांना यातून प्रकृतीबद्दल बोलायचं होतं. ती दिसत नाही ती सूक्ष्म आहे म्हणून, नाही म्हणून नव्हे. आपल्याला आज एवढं मोठं काम नाही. पण पावसात गाडी चालवणाऱ्या माणसाला या आठांपैकी निदान सहा कारणं एका फेरीत भेटतात, म्हणून ही यादी हाताशी ठेवू.

पहिलं घेऊ व्यवधान, कारण काचेचा खरा प्रश्न तोच. डोळा आणि रस्ता यांच्यामध्ये पाणी येतं. पण ते पाणी दोन जागी असतं. एक काचेच्या बाहेर, ते पावसाचं. दुसरं काचेच्या आत, ते आपल्याच श्वासाचं. आपण दोन्हींचा दोष पावसाला देतो आणि दोन्हींवर एकच इलाज करतो, पुसणं. तिथेच चुकतं. कारण या दोन्ही बाजूंचे इलाज एकमेकांच्या उलट आहेत.

आतली बाजू आधी. आपल्या श्वासातून बाहेर पडणारी हवा साधारण 33-34 अंश सेल्सिअस असते आणि ओलाव्याने जवळजवळ पूर्ण भरलेली असते. बाहेरून पाऊस आणि वारा काचेला गार करत असतात. घाटात पावसाळी संध्याकाळी काच 20-22 अंशांवर आली, की ती उबदार ओली हवा तिला टेकते आणि तिच्यातलं पाणी बारीक थेंबांच्या रूपाने काचेवर बसतं. चहाच्या पातेल्यावरचं झाकण आठवा. पाणी पारदर्शकच असतं, पण हजारो बारीक थेंब प्रकाश हजार दिशांना फेकतात, म्हणून काच दुधाळ दिसते.

म्हणजे आत इलाज काय? थेंब होऊच द्यायचे नाहीत. पाणी आलं तरी ते एकसंध पातळ थरासारखं पसरलं पाहिजे. लहानपणी आपण पाटी ओल्या फडक्याने पुसायचो. ओल्या पाटीवर थेंब उभे राहत नाहीत, पाणी सपाट पसरतं. काचेच्या आत तेच हवं. साबणाने पाण्याचा पृष्ठताण कमी होतो आणि पाणी पसरतं. म्हणून भांडी घासायच्या पातळ साबणाचा एकच थेंब मऊ कोरड्या कापडावर घ्यायचा, काचेच्या आतून हलक्या हाताने फिरवायचा आणि काच स्वच्छ दिसेपर्यंत दुसऱ्या कापडाने पुसायचं. डोळ्याला दिसत नाही इतका थर उरतो आणि तो काम करतो. एकदोन दिवसांनी पुन्हा लावायचा. जास्त लावला तर ओघळून डोळ्यांत जातो, एवढं सांभाळा. काचेला कारखान्यातूनच वाफरोधक लेप असेल, तर मात्र साबण लावू नका, लेप खराब होतो.

याहून पक्का उपाय म्हणजे काचेच्या आत बसवायची दुसरी पातळ काच. बाजारात ती पिनलॉक या नावाने ओळखली जाते. हेल्मेटच्या मूळ काचेला दोन बारीक खुंट्या असतात, त्यांत ती अडकते. कडेने सिलिकॉनची रेघ असते, त्यामुळे दोन काचांमध्ये हवेचा बंद थर राहतो. बाहेरची काच गार झाली तरी आतली तितकी गार होत नाही, शिवाय ती थोडा ओलावा शोषून घेते. सगळ्या हेल्मेटना ती बसत नाही. विकत घेताना खुंट्या आहेत का, ते पाहून घ्या.

आणि फुकटचा उपाय? काच एक खाच उघडी ठेवणं. हनुवटीजवळची झडप उघडी ठेवणं. आपली मंडळी नाकावर रुमाल घट्ट बांधतात आणि वर हेल्मेट चढवतात. अशाने श्वास खाली जायच्या ऐवजी थेट वर, डोळ्यांकडे जातो. चष्मा असेल तर तोही वाफाळतो. म्हणजे दोन व्यवधानं, आणि दोन्ही आपणच उभी केलेली! रुमाल बांधायचाच असेल तर नाकावर सैल ठेवा, म्हणजे श्वासाला खालून वाट मिळेल.

आता बाहेरची बाजू. इथे पाणी पसरलं तर रस्ता लाटांमधून पाहिल्यासारखा वाकडातिकडा दिसतो. इथे पाणी टिकूच नये. अळवावरचं पाणी आपल्या भाषेतच आहे. अळवाच्या पानावर मेणासारखा थर असतो, त्यावर थेंब गोळा होतो आणि पान जरा हललं की निसटतो. बाहेरून काचेला हेच करायचं. हेल्मेटच्या काचेसाठी मेणासारखे लेप मिळतात. मोटारीच्या काचेचे लेप घेताना डबीवरची सूचना वाचा. काही लेप प्लास्टिकवर चालत नाहीत.

मग बाहेरून अळवाचं पान, आतून ओली पाटी. एवढं लक्षात राहिलं तरी आजचं व्याख्यान वसूल झालं म्हणायचं. उलट केलंत, म्हणजे आत मेण आणि बाहेर साबण, तर होती त्याहून वाईट अवस्था होते.

लेप लावूनही एक अडचण राहते. थेंब उडवायला वारा लागतो. गावातल्या रहदारीत 20-30 च्या वेगाने थेंब जागचे हलत नाहीत. अशा वेळी मान जराशी डावीकडे, जराशी उजवीकडे वळवली, की वारा तिरपा लागून थेंब कडेला सरकतात. नाही तर डाव्या हाताने पुसायचं, कारण उजवा हात ॲक्सिलरेटरवर असतो. पण हिशेब करा. 40 च्या वेगाने गाडी सेकंदाला 11 मीटर जाते. पुसायला दोन सेकंद लागले, तर 22 मीटर आपण एका हाताने आणि अर्ध्या डोळ्याने गेलो. म्हणून पुसायचं ते सरळ, मोकळ्या रस्त्यावर. वळणावर नाही.

आता शब्दाची एक गंमत. आपण 'काच' म्हणतो, पण ती काच नाही. ती बहुधा पॉलिकार्बोनेट नावाचं प्लास्टिक असते. फुटत नाही म्हणून ते वापरतात, पण त्यावर ओरखडे लवकर पडतात. नावाने आपली फसगत होते आणि आपण तिला काचेसारखं वागवतो. वर्तमानपत्राच्या बोळ्याने घासतो, पेट्रोलचं फडकं फिरवतो, शर्टाच्या टोकाने सुकलेला चिखल खरवडतो. पेट्रोल, थिनर आणि अमोनिया असलेले काच पुसायचे फवारे या प्लास्टिकला खराब करतात. चिखल असेल तर आधी भरपूर पाणी ओतायचं, पाच मिनिटं ओलं फडकं ठेवायचं, चिखल मऊ झाला की साबणपाण्याने, घासल्याशिवाय धुवायचं. कोकणातल्या रस्त्यांवर ट्रकच्या चाकांतून लाल चिखल उडतो. तो बोटाने पुसला, तर त्यातली रेती काचेवरून फिरते.

हे ओरखडे दिवसा जाणवत नाहीत. रात्री समोरून दिवा आला, की प्रत्येक ओरखडा पेटतो आणि काचेवर प्रकाशाचं कोळ्याचं जाळं उभं राहतं. हाच अभिभव. दिवसा आकाशात तारे असतातच, सूर्यप्रकाशाने ते झाकोळतात. तसा त्या दिव्यापलीकडे चालणारा माणूस असतोच, पण तो दिसत नाही. ओरखड्यांवर लेप नाही, साबण नाही. काच बदलणं हा एकच उपाय. आमच्या त्या संध्याकाळच्या काचेला तीन वर्षं झाली होती. आणि काळी काच रात्री लावायचीच नाही, हे वेगळं सांगायला नको. आमच्या वयाच्या मंडळींनी डोळेही तपासून घ्यावेत. मोतीबिंदूनेही दिवे असेच फुटतात. कारिकेतला इंद्रियदोष तो हाच.

फार जवळ असणं हे कारणही इथे आहे. डोळ्यातलं काजळ डोळ्याला दिसत नाही, हा जुना दाखला. काचेवरचा थेंब डोळ्यापासून चारदोन बोटांवर असतो. डोळा तो थेंब म्हणून पाहत नाही, त्याला फक्त पुढचं जग धूसर वाटतं. म्हणून आपण म्हणतो, आज पाऊस फार आहे. पाऊस तेवढाच असतो, काच मळलेली असते.

समानाभिहाराला वाचस्पती मिश्रांनी दिलेला दाखला तर पावसाचाच आहे. ढगातून पडलेले थेंब तळ्यात पडले की वेगळे दिसत नाहीत. आपल्या रस्त्यांवर पाण्याने भरलेला खड्डा ओल्या डांबरात असाच मिसळतो. काच कितीही लख्ख असली तरी तो खड्डा दिसणार नाही. तिथे काचेचं काम संपतं आणि वेगाचं सुरू होतं. पुढचं वाहन जिथून वळून गेलं, तिथून आपणही वळावं, आणि साचलेलं पाणी म्हणजे खड्डाच आहे असं धरावं.

राहिलं मन. घरी लवकर पोचायचं, सहाची वेळ दिली आहे, एवढाच घाट राहिलाय. त्या संध्याकाळी आमचं मन कऱ्हाडला पोचलेलं होतं, शरीर घाटात होतं.

पाऊस सुरू होण्याआधी अर्धा तास काढा. काच काढून धुवा, उजेडाकडे धरून ओरखडे पाहा, आत साबण लावा, बाहेर लेप लावा. स्वच्छ मऊ कापड प्लास्टिकच्या पिशवीत घालून खिशात ठेवा. ओलं हेल्मेट आरशाला उलटं अडकवू नका, त्यात पाणी साठतं आणि तेच पाणी पुढे वाफ होऊन काचेवर बसतं. आणि रस्त्यात दिसेनासं झालं, तर पुसण्याआधी एक प्रश्न विचारा: पाणी कोणत्या बाजूला आहे? आत असेल तर काच उघडा. बाहेर असेल तर मान वळवा. दोन्ही करून दिसत नसेल, तर रस्त्यापासून दूर, एखाद्या टपरीच्या आडोशाला गाडी लावा आणि थांबा.

थांबणाऱ्याला आपल्याकडे भित्रा म्हणतात. आम्ही म्हणतो, त्याला निदान एवढं कळलं आहे की आपल्याला दिसत नाही. घाटात ते गृहस्थ होतेच. म्हैसही होती. नव्हतं ते फक्त आमचं दिसणं.